हँडहेल्डची बॅटरी घरी बदलता येणार का? युरोपच्या २०२७ च्या नियमात खरं काय आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलाचा २०१८ साली घेतलेला निन्टेन्डो स्विच बराच काळ कपाटात पडून होता. आता बाहेर काढला तर पाठ किंचित फुगलेली दिसते. नवा हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमिंग यंत्र, घ्यायचा विचार आहे, पण २०२७ पासून युरोपात गेमिंग यंत्रांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे असा कायदा येतोय असं कळलं. तोवर थांबावं का? त्या कायद्याचा भारतात काही उपयोग आहे का? आणि जुन्या स्विचची बॅटरी घरी बदलावी का?

आधी फुगलेल्या स्विचचं बोलतो, कारण कायद्याचं बोलणं उद्या झालं तरी चालेल. तो चार्जरला लावू नका, चालू होतो का हे बघण्यापुरताही नाही. पाठ दाबून पुन्हा बसवायला जाऊ नका. कपड्यांच्या कपाटातून काढून फरशीवर, शक्य असेल तर पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूवर ठेवा आणि मुलाला हात लावू देऊ नका. फुगलेली बॅटरी पेटतेच असं नाही. पण आतले थर एकमेकांपासून सुटलेले असतात, आणि मग टोचणं, वाकणं किंवा चार्जिंग यांतलं काहीही निमित्त पुरतं.

असं होतं कशामुळे? लिथियम-आयन सेल साधारण ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो आणि ३ व्होल्टच्या फार खाली त्याला जाऊ द्यायचं नसतं. यंत्र बंद असलं तरी आतलं सर्किट थोडी वीज खात राहतं, सेल स्वतःही हळूहळू उतरत असतो. महिनोन्‌महिने कुणी बघितलं नाही की व्होल्टेज इतकं खाली जातं की आतली तांब्याची पत्री विरघळू लागते. पुढे कधीतरी चार्ज केलं की तेच तांबं भलत्या जागी साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. याच्या उलट, शंभर टक्के चार्ज करून उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलं तर इलेक्ट्रोलाइटचं विघटन होतं आणि वायू धरतो. हँडहेल्डमध्ये असतो तो पाऊच सेल, त्याला कडक कवच नसतं, म्हणून वायू धरला की तो फुगतो. विदर्भातून दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत हे मला जास्त दिसतं, उन्हाळा तसाच असतो तिथला. दहावी-बारावी आली की यंत्र कपाटात जातं आणि निकाल लागेपर्यंत त्याची कुणाला आठवण होत नाही. निन्टेन्डो स्वतः सांगतं की स्विच वापरात नसला तरी सहा महिन्यांतून एकदा चार्ज करा, पण ही सूचना वाचलेलं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटतं. ठेवूनच द्यायचं असेल तर चाळीस ते साठ टक्क्यांवर ठेवावं.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की बॅटरी ही झिजणारीच वस्तू आहे. स्क्रीन, बटणं, मदरबोर्ड दहा-पंधरा वर्षं सहज चालतात. बॅटरी वापरली तरी झिजते आणि न वापरताही झिजते. यंत्रातला जो एकच भाग बदलावा लागणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, तोच सगळ्यांत आत, सगळ्यांत घट्ट चिकटवून ठेवायचा, ही गेल्या दशकभराची पद्धत. युरोपचा नियम नेमका हिच्यावर बोट ठेवतो.

नियमाचा क्रमांक २०२३/१५४२. जुलै २०२३ मध्ये तो मंजूर झाला, १७ ऑगस्ट २०२३ ला अमलात आला, आणि त्याची वेगवेगळी कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तुम्ही विचारताय ते कलम ११. ते १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतं. हा थेट नियम आहे, प्रत्येक देशाने आपापला वेगळा कायदा करावा अशी सूचना नव्हे. त्यामुळे सगळ्या २७ सदस्य देशांत तो सारखाच लागतो.

कलम म्हणतं ते साध्या भाषेत असं: पोर्टेबल बॅटरी असलेली वस्तू युरोपच्या बाजारात आणायची असेल, तर ती बॅटरी वस्तूच्या आयुष्यात केव्हाही वापरणाऱ्याला सहज काढता आणि बदलता आली पाहिजे. ‘सहज’ म्हणजे काय हेही लिहिलेलं आहे. बाजारात कुणालाही मिळणाऱ्या हत्यारांनी ती निघाली पाहिजे. खास हत्यार लागत असेल तर ते वस्तूसोबत फुकट द्यावं लागेल. कंपनीच्या मालकीचं, इतरांना न मिळणारं हत्यार चालणार नाही, आणि उष्णता किंवा रासायनिक द्रावण वापरावं लागत असेल तर तेही चालणार नाही. बदललेल्या बॅटरीने यंत्राचं काम, कामगिरी किंवा सुरक्षितता बिघडता कामा नये. बॅटरी कशी काढायची याच्या सूचना ऑनलाइन कायम उपलब्ध ठेवाव्या लागतील.

एवढं बहुतेक बातम्यांत येतं. ज्या दोन गोष्टी बातम्यांत मागे पडतात, त्या मला कलमाचा खरा गाभा वाटतात. पहिली: त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षं सुटी बॅटरी वाजवी दरात मिळाली पाहिजे, वापरणाऱ्यालाही आणि कंपनीबाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यालाही, कुणाशी भेदभाव न करता. दुसरी: सॉफ्टवेअर वापरून कंपनीला बॅटरी बदलण्यात अडथळा आणता येणार नाही. म्हणजे नवी बॅटरी बसवली की यंत्राने ‘ही आमची नाही’ म्हणून अडून बसायचं, हा प्रकार बंद.

सूट कुणाला आहे? पाण्याच्या माऱ्यात किंवा पाण्यातच वापरायच्या आणि धुता येतील अशा उपकरणांना, आणि काही व्यावसायिक वैद्यकीय यंत्रांना. तिथे बॅटरी जाणकार तंत्रज्ञाने काढली तरी चालते. शिवाय जिथे वीज क्षणभरही तुटू न देणं सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे अशांसाठी वेगळी तरतूद आहे. खेळण्याच्या यंत्रांना यातलं काहीच लागू होत नाही.

इथे फोनची तुलना करायलाच हवी, कारण गोंधळ इथेच होतो. स्मार्टफोन आणि टॅब्लेटसाठी युरोपचा वेगळा नियम आहे, २०२३/१६७०, जून २०२५ पासून लागू. त्यात कंपनीला एक पर्याय आहे: बॅटरी हजार चार्जिंग सायकलनंतरही निदान ऐंशी टक्के क्षमता राखत असेल आणि फोन धूळ-पाण्यापासून ठरावीक दर्जाने सुरक्षित असेल, तर बॅटरी बदलण्याचं काम तंत्रज्ञावर सोडता येतं. म्हणून २०२७ मध्ये सगळ्या फोनची पाठ नखाने उघडेल अशी आशा ठेवू नका. हँडहेल्ड कन्सोल मात्र त्या नियमाच्या यादीत नाहीत. त्यांना सर्वसाधारण कलम ११ च लागतं, म्हणजे या एका बाबतीत गेमिंग यंत्रांवरचं बंधन फोनपेक्षा कडक आहे. बॅटरी कितीही टिकाऊ बनवली तरी ती काढता आलीच पाहिजे. आणि बंधन फक्त मुख्य यंत्रावर नाही. वायरलेस कंट्रोलर, स्विचच्या जॉय-कॉनमधली, म्हणजे बाजूच्या सुट्या कंट्रोलरमधली, ५२५ एमएएचची छोटीशी बॅटरी, हेडफोन, सगळं त्यात येतं.

अजून एक बारकावा. युरोपच्या कायद्यात ‘बाजारात आणणं’ हे प्रत्येक नगाला लागू होतं, मॉडेलला नव्हे. १८ फेब्रुवारी २०२७ च्या आधी बाजारात आलेला माल विकता येईल, पण त्यानंतर येणारा प्रत्येक नग, मॉडेल जुनं असलं तरी, नियमात बसावा लागेल. म्हणून ‘आमचं डिझाइन २०२५ चं आहे’ हे उत्तर चालणार नाही.

आता हत्यारांचा मुद्दा, कारण निन्टेन्डोचे स्क्रू बदनाम आहेत. मूळ स्विचची पाठ चार तीन-पाती, म्हणजे ट्राय-विंग स्क्रूंनी धरलेली असते. असा स्क्रू मुद्दामच निवडलेला, घरातल्या पेचकसाने उघडू नये म्हणून. पण ट्राय-विंगचा पेचकस आता पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुणीही, काहीही सिद्ध न करता विकत घेऊ शकतो. नियमातली व्याख्या अशीच आहे: मालकी हक्काचा पुरावा न मागता सगळ्यांना मिळणारं हत्यार. माझ्या वाचनानुसार एवढ्या एका स्क्रूपायी कुठलं यंत्र नापास होणार नाही. नापास होईल ते ग्लूमुळे.

या ग्लूबद्दल थोडं विस्ताराने लिहितो. बॅटरी चिकटवण्यामागे काही खरी कारणं आहेत. पाऊच सेल मऊ असतो. तो आत हलला, कोपऱ्यावर आपटला, एखाद्या स्क्रूच्या टोकाला घासला तर धोका असतो. मुलांच्या हातातलं यंत्र पडणारच, तेव्हा सेल जागेवर घट्ट राहायलाच हवा. पण घट्ट धरायला ग्लूच लागतो असं नाही. सेल प्लास्टिकच्या फ्रेममध्ये बसवून फ्रेम स्क्रूने कसता येते. आसूसच्या आरओजी ॲलायमध्ये, २०२३ च्या यंत्रात, ४० वॉट-तासांची बॅटरी स्क्रूने बसवलेली आहे. साधा फिलिप्स पेचकस आणि थोडा संयम एवढ्यावर ती निघते. व्हॉल्व्हचा स्टीम डेक उलट उदाहरण आहे. त्याची पाठ सरळ आठ स्क्रूंनी उघडते, सुटे भाग आयफिक्सिट या दुरुस्तीचं मार्गदर्शन करणाऱ्या कंपनीकडे मिळतात, कंपनीने स्वतः यंत्र उघडून दाखवणारा व्हिडिओ काढला. एवढं सगळं चांगलं करून बॅटरी मात्र जोरदार चिकटवलेली. आणि जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये ५२२० एमएएचची बॅटरी इतकी पक्की चिकटवलेली निघाली की आयफिक्सिटने त्या यंत्राला दुरुस्तीच्या सोयीसाठी दहापैकी तीनच गुण दिले.

चिकटवलेली बॅटरी काढताना नेमकं काय होतं हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडायचे, थांबायचं, प्लास्टिकची पट्टी सरकवायची, पुन्हा थेंब. घाई केली की सेल वाकतो. वाकलेला सेल पुन्हा वापरायचा नाही, तो त्याच क्षणी बाद. ग्लू जास्त असेल तर लोक हेअर ड्रायर लावतात, म्हणजे ज्या वस्तूला उष्णतेपासून जपायचं तिलाच तापवतात. फुगलेल्या सेलच्या बाबतीत हे अजिबात करू नये. नियमाने उष्णता आणि द्रावण या दोन गोष्टी नावानिशी बाहेर काढल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. ज्यांनी हा मजकूर लिहिला त्यांनी दुरुस्तीच्या टेबलावर काय घडतं ते नीट ऐकलेलं दिसतं.

पूर्वी हे असं नव्हतं. १९८९ चा गेम बॉय चार पेन्सिल सेलवर चालायचा. २००३ च्या गेम बॉय ॲडव्हान्स एसपीमध्ये लिथियम-आयन बॅटरी आली तरी मागे एका स्क्रूचं झाकण होतं. निन्टेन्डो डीएसमध्येही तेच. थ्रीडीएसची १३०० एमएएचची सीटीआर-००३ बॅटरी पाठ उघडली की नुसती उचलून निघते, आणि गंमत म्हणजे तीच बॅटरी पुढे स्विचच्या प्रो कंट्रोलरमध्ये वापरली गेली. एकच बॅटरी, अनेक यंत्रं. त्यामुळे ती आजही सापडते. ज्या कंपनीला हे जमत होतं तिला ते पुन्हा जमणार नाही असं मानायचं काही कारण नाही. हँडहेल्ड काही फोनइतके पातळ नसतात, पाण्यात वापरायचे नसतात, त्यामुळे फोनवाल्यांच्या सबबी इथे लागू पडत नाहीत.

सोनीचा पीएसपी तर स्क्रूशिवाय उघडायचा. झाकण सरकवायचं, बॅटरी काढायची, दुसरी घालायची. प्रवासात जवळ दुसरी भरलेली बॅटरी बाळगणारी पोरं मी पाहिली आहेत. पण आज पीएसपी घेऊन कुणी आलं की अडचण वेगळीच असते. बॅटरी निघते दोन सेकंदांत, घालायला चांगली मिळत नाही. उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. बाजारात उरल्या त्या नकला. वर ओरिजिनलचं लेबल, आत कुठला सेल आहे देव जाणे. काही चार महिने चालतात, काही पहिल्या उन्हाळ्यात फुगतात. म्हणजे झाकण हा अर्धाच भाग आहे. झाकण आहे पण खात्रीची बॅटरी नाही, तर वापरणारा नकली बॅटरीकडे ढकलला जातो, आणि बंद यंत्रापेक्षा ते जास्त धोक्याचं. पाच वर्षं सुटी बॅटरी मिळण्याची सक्ती म्हणूनच महत्त्वाची. माझ्या मते पाच वर्षं कमीच आहेत. ही यंत्रं मोठ्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे, मग मामेभावाकडे जातात. शेवटचा नग विकला गेल्यावर दहा वर्षं बॅटरी मिळायला हवी होती.

पीएसपीचीच एक गोष्ट इथे सांगणं भाग आहे, कारण कन्सोल कंपन्यांच्या बाजूने होणारा मोठा युक्तिवाद चोरीच्या खेळांचा, म्हणजे पायरसीचा आहे. अमेरिकेत हाच युक्तिवाद चालला. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटाचे दुरुस्तीच्या हक्काचे कायदे जुलै २०२४ पासून लागू झाले, ओरेगनचाही झाला, पण या तिन्हींतून व्हिडिओ गेम कन्सोल वगळले. कॅलिफोर्नियाच्या व्याख्येत तर हँडहेल्डचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे तिथे फोनची बॅटरी कंपनीने द्यायला हवी, पण स्विचची नाही दिली तरी चालतं.

आता, बॅटरीचा आणि पायरसीचा संबंध एकदा खरोखर आला होता. पीएसपीच्या बॅटरीत एक छोटी मेमरी चिप असायची आणि तीत अनुक्रमांक. तो ठरावीक पद्धतीने बदलला की यंत्र सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी राखलेल्या पद्धतीने, चालू व्हायचं आणि मेमरी स्टिकवरून वाटेल ते सॉफ्टवेअर चढवता यायचं. २००७ मध्ये हे बाहेर आलं आणि ‘पँडोरा बॅटरी’ नावाने जगभर पसरलं. ज्यांना ते दिवस आठवतात ते नियमाविरुद्ध हेच उदाहरण देतात. पण पुढे काय झालं ते बघा. सोनीने नंतरच्या मदरबोर्डमध्ये ते भोक बुजवलं; पीएसपी-३००० ला ती युक्ती चालत नव्हती. आणि पीएसपी-३००० ची बॅटरी तरीही झाकण सरकवून हाताने निघत होती. दोष सर्व्हिस मोडमध्ये होता, झाकणात नव्हता, आणि तो सॉफ्टवेअर-हार्डवेअरच्या जागीच दुरुस्त झाला. आजची बॅटरी यंत्राला व्होल्टेज, तापमान आणि फार तर स्वतःची ओळख सांगते. खेळ कुठून आला हे ठरवण्यात तिचा काही भाग नसतो. पायरसीच्या नावाखाली बॅटरी अडवून ठेवणं मला पटत नाही.

अमेरिकेत एक गोष्ट मात्र ग्राहकाच्या बाजूने आहे. १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा असं सांगतो की केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी रद्द करता येत नाही. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘स्टिकर काढल्यास वॉरंटी रद्द’ छापाच्या अटींबद्दल सहा कंपन्यांना इशारापत्रं पाठवली. त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो होत्या.

आपल्याकडे काय? युरोपचा नियम भारतात लागू नाही, हे आधी स्पष्ट असू द्या. आपले बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट २०२२ चे आहेत. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करणं आणि त्यांचं पुनर्चक्रीकरण करणं ही उत्पादकाची जबाबदारी त्यांनी ठरवली, आणि ते चांगलंच झालं. पण यंत्रातून ती बॅटरी बाहेर निघणार कशी, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केलं. त्यात शेती अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं आहेत. पुढे दुरुस्ती-सुलभता निर्देशांकासाठी समिती झाली, तिचा अहवाल २०२५ मध्ये आला, पण त्याची सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून आहे. कन्सोलचा नंबर लागलेला नाही. त्यातही आपल्याकडचे स्विच आणि स्टीम डेक बहुतेक आयातदारांकडून किंवा परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून आलेले असतात, म्हणजे बॅटरीसाठी हक्काने जायला कंपनीचं सर्व्हिस सेंटरही नाही. आपल्या माणसांना हा नियम सगळ्यांत जास्त हवा आहे आणि आपल्यालाच तो मिळालेला नाही.

मग त्याचा उपयोग होईल की नाही? होण्याची चांगली शक्यता आहे. समान चार्जरचा युरोपचा कायदा डिसेंबर २०२४ पासून लागू झाला, त्यात हँडहेल्ड कन्सोलही होते. तो लागू होण्याआधीच, २०२३ मध्ये, आयफोन जगभर यूएसबी-सीवर गेला, फक्त युरोपात नव्हे. दोन प्रकारची बॉडी बनवणं खर्चाचं असतं. पण खात्री देता येत नाही. त्याच कंपनीने अमेरिकेसाठी सिमचा कप्पा नसलेला फोन वेगळा बनवलाच आहे. म्हणून २०२७ नंतर दुबईहून, अमेरिकेहून किंवा जपानहून यंत्र मागवताना ‘आता सगळ्यांचीच बॅटरी निघते’ असं गृहीत धरू नका. युरोपसाठीचं मॉडेल आणि इतर मॉडेल यांत फरक आहे का, ते आधी बघा. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये राहणारं कुणी घरचं असेल तर तिथून घेणं फायद्याचं ठरेल. तिथे दोन वर्षांची कायदेशीर हमीही मिळते, मात्र तिचा दावा तिथल्या विक्रेत्याकडेच करावा लागतो.

आता तुमच्या जुन्या स्विचकडे येतो. बॅटरी नुसती कमी बॅकअप देत असती तर घरी बदला म्हणालो असतो. फुगलेली आहे, तर अनुभवी माणसाकडेच द्या. यंत्र टाकून देऊ नका. मॉडेल एचएसी-००१ असेल तर बॅटरीचा क्रमांक एचएसी-००३, क्षमता ४३१० एमएएच, आणि तेवढी बदलली की ते यंत्र अजून कितीतरी वर्षं चालेल. मुलाचे खेळ आणि सेव्ह आतल्या मेमरीत असतात, बॅटरी काढल्याने ते जात नाहीत. ही भीती बऱ्याच जणांना असते.

ज्यांची बॅटरी फुगलेली नाही आणि ज्यांना स्वतः करायचं आहे त्यांच्यासाठी: चार्ज पाव भागाच्या खाली आणा, स्लीप नव्हे तर पूर्ण बंद करा. मेमरी कार्ड, खेळाचं कार्ड आणि जॉय-कॉन आधी काढा. मेमरी कार्ड आत राहिलं आणि पाठ ओढली तर त्याचा सॉकेट जातो, हे नुकसान मी नेहमी बघतो. पाठीखाली धातूची पातळ प्लेट असते, तिच्याखाली उष्णता वाहून नेणारा गुलाबी लेप. तो पुसला गेला तर नवा लावायचा, नाहीतर यंत्र तापेल. बॅटरीचा कनेक्टर सरळ वर उचलायचा, आणि ते काम सगळ्यांत आधी करायचं. धातूची पट्टी बॅटरीखाली घालायची नाही, कधीच नाही. अल्कोहोल वापरलं तर ते पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा जोडायचं नाही, ते ज्वलनशील असतं. नवी बॅटरी बसवल्यावर टक्क्यांचा आकडा काही दिवस चुकीचा दिसू शकतो; एक-दोनदा पूर्ण भरून पूर्ण उतरू दिला की ताळ्यावर येतो.

बॅटरी विकत घेताना क्षमतेचा आकडा मोठा दिसला की खूश होऊ नका. तेवढ्याच आकारात कुणी ६००० एमएएच लिहिलं असेल तर ते खोटं आहे. तेवढ्या जागेत तेवढी वीज मावत नाही. लेबलवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आणि मानक आयएस १६०४६ आहे का बघा. दुकानदाराला मल्टिमीटर लावायला सांगा: नवी बॅटरी साधारण ३.६ ते ३.९ व्होल्ट दाखवते. ३ च्या खाली असेल तर घेऊ नका, ती गोदामात पडून मेलेली आहे. उत्पादनाची तारीख फार जुनी नको. परदेशातून कुणी आणणार असेल तर सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत ठेवायची नसते, हातातल्या बॅगेतच, टोकं झाकून. स्विचची बॅटरी सुमारे १६ वॉट-तासांची आहे आणि १०० पर्यंत अडचण येत नाही. फुगलेली बॅटरी मात्र विमानात कुठेच न्यायची नाही, कुरियरनेही पाठवायची नाही.

नव्या यंत्रासाठी २०२७ पर्यंत थांबावं का, याचं माझं उत्तर: खेळायचं आत्ता असेल तर थांबू नका, पण घेताना बॅटरी स्क्रूने बसवलेली आहे का, सुटी बॅटरी कुठे मिळते आणि भारतात ते मॉडेल उघडणारं कुणी आहे का, हे विचारून घ्या. या तिन्हींवर आज आरओजी ॲलायसारखं भारतात अधिकृत विकलं जाणारं यंत्र स्विच २ पेक्षा पुढे आहे. मुलाला निन्टेन्डोचेच खेळ हवे असतील तर मी जुना स्विच दुरुस्त करून एक-दीड वर्ष वापरा म्हणेन, आणि युरोपात २०२७ मध्ये प्रत्यक्ष कसलं यंत्र येतं ते पाहून मग ठरवा.

काढलेली जुनी बॅटरी दुकानदाराकडून कुठे जाते तेही विचारा. तुमच्या हाती दिली तर टोकांना इन्सुलेशन टेप लावा, घंटागाडीत सुक्या कचऱ्यात टाकू नका; गाडीत ती दाबली गेली तर आग लागते आणि ती विझवणारे तिथले कामगार असतात. महापालिकेच्या किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलन केंद्रावर द्या, आणि देताना ती फुगलेली आहे हे तोंडी सांगा, म्हणजे ते ती वेगळी ठेवतील.